पाळीतल्या कामगाराची रजा कशी कापायची: रोस्टरपासून पगाराच्या चिठ्ठीपर्यंत

टाइम ऑफिसला, म्हणजे कारखान्यात हजेरी आणि पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या खात्याला, लागल्यावर माझ्या हातून निघालेला पहिलाच पगार. दुसऱ्या दिवशी एक ऑपरेटर काका खिडकीशी आले. एका हातात पगाराची चिठ्ठी, दुसऱ्या हातात खिशात मावेल एवढी डायरी. "साहेब, एक खाडा लागलाय. मी तर एक दिवसही घरी राहिलो नाही. बघा जरा."

डायरीत त्या महिन्याच्या बाराही रात्रींपुढे पेन्सिलीने गोल केलेला होता. शेजारी मशिनचा नंबर आणि त्या रात्री काढलेले नग. मी पंचिंगचा रिपोर्ट उघडला. रात्रपाळीच्या पहिल्या तारखेला ९ वाजून ४८ मिनिटांचा एकच पंच दिसत होता. त्याच पाळीचा बाहेर पडतानाचा पंच, सकाळी ६ वाजून ७ मिनिटांचा, पुढच्या तारखेत जाऊन बसला होता. सॉफ्टवेअरने दिवस मध्यरात्री १२ ला तोडला, एकच पंच बघून "अर्धा दिवस" लिहिलं, आणि मी ते तसंच पुढे पाठवलं. रात्रपाळीचे दोन आठवडे, दोन्हींच्या सुरुवातीला अर्धा अर्धा, मिळून एक दिवसाचा पगार गेला. रात्र जागून काम केलेल्या माणसाच्या पगारातून. काकांची ती डायरी मी अजून विसरलेलो नाही, आणि हा लेख नव्याने या कामाला लागलेल्यांसाठी लिहितोय तो त्याच कारणाने.

जनरल शिफ्टच्या माणसाचा हिशेब कॅलेंडरवर होतो. पाळीतल्या माणसाचा होत नाही. त्याची रजा रोस्टरवरच्या (कुणाला कधी कुठली पाळी, याचा तक्ता) पाळीतून कापायची असते, तारखेतून नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी रोस्टर, मग हजेरी

बहुतेक नवखे आधी हजेरीचा रिपोर्ट काढतात आणि रिकाम्या जागा मोजतात. उलट करा. महिन्याचं मंजूर रोस्टर समोर ठेवा आणि प्रत्येक माणसापुढे दोन आकडे लिहा: या महिन्यात त्याला किती पाळ्या लावल्या होत्या, आणि त्यांचे एकूण तास किती.

उदाहरणाला जुलै २०२६ घेऊ. महिना ३१ दिवसांचा. ज्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, त्याला ६, १३, २० आणि २७ अशा चार सुट्ट्या. म्हणजे पाळ्या २७, आणि ८ तासांप्रमाणे तास २१६. त्याच्या शेजारच्या मशिनवरच्या माणसाची सुट्टी बुधवारी असेल तर त्याला १, ८, १५, २२, २९ अशा पाच सुट्ट्या मिळतात आणि पाळ्या २६ होतात. एकच महिना, एकच पगार, पण दोघांचे आकडे वेगळे. (सणाची सुट्टी सोयीसाठी धरलेली नाही. धरायची असेल तर ती भरपगारी पाळी म्हणून याच २७ मध्ये राहते.)

रोस्टरमध्ये महिन्याच्या मध्ये फेरफार होतातच. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणी दुसऱ्याशी पाळी बदलून घेतो. हा बदल पाळी सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरच्या सहीने कागदावर आला पाहिजे. एकदा आला की ती पाळी ज्याने घेतली त्याची. तो आला नाही तर खाडा त्याला, मूळ माणसाला नाही. तोंडी बदलावर सगळ्यात जास्त भांडणं होतात आणि ती सोडवायला पुरावा काहीच नसतो.

रात्रपाळी कुठल्या तारखेची

रात्री १० ते सकाळी ६ ही पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेची. ही कुणा कंपनीची सवलत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५७ मध्ये स्पष्ट होतं की मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत १२ नंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्येही तोच नियम आला आहे. साप्ताहिक सुट्टीही रात्रपाळीवाल्याला पाळी संपल्यापासून सलग २४ तास मिळते.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहा. सोमवारी सुट्टी असलेला कामगार रविवारी रात्री १० ला आत गेला आणि सोमवारी सकाळी ६ ला बाहेर पडला. ती पाळी रविवारची. त्याची सुट्टी सोमवारी सकाळी ६ ला सुरू झाली आणि मंगळवारी सकाळी ६ ला संपली. सोमवारी रात्री तो आला नाही म्हणून खाडा लावलात तर ती चूक. उलट सोमवारी सकाळच्या ६ तासांना "सुट्टीच्या दिवशीचं काम" म्हणून डबल दर देणं हीसुद्धा चूकच. सणाच्या सुट्टीलाही हीच पद्धत लावा, आणि कुठल्या रात्रीची पाळी बंद ते आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर लिहा.

महिनाअखेरही अशीच. ३१ तारखेच्या रात्री सुरू झालेली पाळी त्याच महिन्याच्या पगारात जाते. सॉफ्टवेअरमध्ये दिवस कधी तुटतो ते बदलता येतं. तीन पाळ्यांच्या कारखान्यात तो मध्यरात्री न तोडता, पहिल्या पाळीच्या तासभर आधी तोडावा आणि पंच रोस्टरवरच्या पाळीशी जोडावेत. रात्रपाळीवाला ६ नंतर बाहेर पडतो, म्हणून ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच गरजेची आहे. हे काम एकदाच करायचं असतं. मी ते दुसऱ्या महिन्यात केलं, पहिल्यात करायला हवं होतं.

भागाकार कितीने

इथे सगळ्यात जास्त मतभेद आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

समजा मासिक पगार १८,९०० रुपये. तीन पद्धती चालतात. महिन्याच्या दिवसांनी भागायचं: ३१ ने भागलं तर ६०९.६८ रुपये. २६ ने भागायचं: ७२६.९२ रुपये. किंवा रोस्टरवरच्या पाळ्यांनी भागायचं: जुलैच्या २७ पाळ्या धरल्या तर बरोबर ७०० रुपये, आणि २१६ तासांनी भागलं तर ताशी ८७.५० रुपये.

२६ चा आकडा आपल्याकडे इतका रुळलाय की तोच कायदा आहे असं अनेकांना वाटतं. ग्रॅच्युइटीत १५ भागिले २६ असतंच, पण ते ग्रॅच्युइटीसाठी. गैरहजेरीच्या कपातीबद्दल वेतन प्रदान कायदा १९३६ चं कलम ९ वेगळं सांगत होतं, आणि वेतन संहिता २०१९ च्या कलम २० मध्ये तेच तत्त्व आहे: पगाराच्या काळात ज्या वेळेत काम करणं बंधनकारक होतं, त्यातला जेवढा हिस्सा माणूस गैरहजर राहिला, पगारातला तेवढाच हिस्सा कापता येतो. त्याहून जास्त नाही. (चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत.) म्हणजे रोस्टर हाच कायद्याने सांगितलेला छेद आहे.

आता २७ पाळ्यांच्या जुलैत २६ ने भागा. एका खाड्याला ७२६.९२ कापले जातात. कायद्याची मर्यादा ७००. प्रत्येक खाड्यामागे २६.९२ रुपये जास्त. आकडा लहान वाटेल, पण टोकाचं उदाहरण घ्या: माणूस २७ पैकी एकच पाळी आला, २६ खाडे झाले. २६ गुणिले ७२६.९२ म्हणजे पूर्ण १८,९०० रुपये. त्याने एक दिवस काम केलं आणि हाती शून्य आलं.

३१ ने भागण्यात उलटा गोंधळ होतो. एका खाड्याला ६०९.६८ कापले जातात, कामगार खूश असतो. पण माणूस पूर्ण महिना आलाच नाही तर २७ खाड्यांचे १६,४६१.२९ रुपये कापून २,४३८.७१ रुपये शिल्लक उरतात, काहीच काम न करता. मग कुणीतरी ओरडतं, "सुट्ट्याही कापा," आणि त्या एका महिन्यासाठी नियम बदलतो. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम लागला की टाइम ऑफिसवरचा विश्वास जातो.

माझं मत स्पष्ट आहे: पाळीतल्या लोकांसाठी रोस्टरच्या तासांनी भागा. दर महिन्याला दर बदलतो आणि समजवायला थोडा वेळ जातो, एवढीच अडचण. तुमच्याकडे करारात २६ ठरलेला असेल तर तो एकट्याने मोडू नका, पण २७ पाळ्यांच्या महिन्यात कपात मर्यादेच्या वर जातेय हे व्यवस्थापनाला लेखी दाखवा.

रजा आधी, खाडा नंतर

आता हजेरी उघडा. रोस्टरवर पाळी आहे आणि माणूस नाही, अशी प्रत्येक जागा वेगळी काढा. प्रत्येकीपुढे कारण लिहायचं: हक्काची रजा, किरकोळ रजा, बदली सुट्टी, कर्मचारी राज्य विमा योजनेतलं (ईएसआय) आजारपण, मंजूर बिनपगारी रजा, की न सांगता खाडा. कारण लिहिल्याशिवाय पैशाकडे वळू नका.

हक्काच्या रजेचा साठा आधी तपासा. जुन्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस काम केल्यावर पुढच्या वर्षी २० दिवसांमागे एक रजा मिळे. नव्या संहितेत पात्रतेचे दिवस १८० झाले, २० ला एक हे प्रमाण तेच राहिलं. म्हणजे २८० दिवस भरले तर १४ रजा. ३० पर्यंत रजा पुढच्या वर्षी नेता येतात. दुकानं, कार्यालयं, हॉटेलं यांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत आणि हक्काची रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. आपल्याला कुठला कायदा लागतो हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

रजेच्या मध्ये आलेली साप्ताहिक सुट्टी रजेत मोजायची नाही. रजेच्या आधी किंवा शेवटी लागून आलेली सुद्धा नाही. जुन्या कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. तरी "सँडविच" नावाने मधली सुट्टी गिळणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. हक्काच्या रजेला ते लावता येत नाही, आणि फिरत्या सुट्टीच्या लोकांवर त्याचा सगळ्यात जास्त अन्याय होतो. कारण त्यांची सुट्टी आठवड्याच्या मध्येच येते आणि दोन दिवसांच्या रजेतही सापडते.

बदली सुट्टी, म्हणजे सी-ऑफ, तिचा वेगळा रकाना ठेवा. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं असेल तर ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते. साठ्यात सी-ऑफ शिल्लक असताना बिनपगारी लावण्याआधी कामगाराला विचारा.

आजारपणाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार राज्य विमा योजनेत असतो. आजारपणात त्याला योजनेकडून सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण ज्या दिवसाचा रजेचा पगार त्याला आपल्याकडून मिळाला, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. म्हणून मदत म्हणून परस्पर हक्काची रजा टाकू नका. आपण त्याची रजाही खर्च करतो आणि त्याचा लाभही घालवतो. दवाखान्याचं प्रमाणपत्र येऊ द्या आणि त्याला निवडू द्या.

आणि खाड्याच्या बदल्यात ओव्हरटाइम वळता करू नका. "परवा डबल मारलंस ना, कालचा खाडा त्यात गेला" हे वाक्य शॉपवर रोज ऐकू येतं. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. ८ तासांच्या ओव्हरटाइमला १६ तासांचे पैसे असताना ८ तासांच्या खाड्यात तो मिटवला, तर कामगाराचे ८ तास हवेत जातात. खाडा खाड्याच्या ओळीत, ओव्हरटाइम त्याच्या ओळीत.

बारा तासांची पाळी

लहान खासगी रुग्णालयांत सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा पाळ्या दिसतात. इथे रजा "दिवसात" मोजली की घोळ होतोच. रजा तासांत ठेवा: एक रजा म्हणजे ८ तास. सिस्टरची आठवड्याला चार रात्री ड्युटी असेल तर ४८ तास होतात. तिने पूर्ण आठवडा रजा घेतली तर ४८ तास, म्हणजे ६ रजा जातात. ८ तासांच्या पाळीत आठवड्याला सहा दिवस येणाऱ्या तिच्या सहकाऱ्याच्याही ६ च जातात. दोघी सारख्याच. तीच सिस्टर एकच रात्र आली नाही तर १२ तास, दीड रजा. ऐकायला खटकतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच साठा तासांत दाखवा: १४ रजा म्हणजे ११२ तास. मग वाद होत नाही.

उशीर आणि लवकर जाणं

तीन लेट मार्कला अर्धा दिवस ही रूढ पद्धत आहे. मला ती पटत नाही. तीनदा दहा दहा मिनिटं उशीर झाला, अर्धा तास गेला आणि कापले चार तास. गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेरची कपात म्हणजे दंड झाला, आणि दंडाला स्वतंत्र नियम आहेत: आधी म्हणणं ऐकून घ्यायचं, नोंद ठेवायची, आणि पगाराच्या ३ टक्क्यांवर जायचं नाही. मिनिटांचे मिनिटांइतकेच कापा. सतत उशीर करणाऱ्याला सुपरवायझरने बोलवावं, पगारपत्रकाने नाही.

एक पूर्ण हिशेब

तोच १८,९०० रुपयांचा कामगार, सोमवारची सुट्टी, जुलै २०२६. तो ९ ते १४ तारखेपर्यंत गावी गेला. हक्काच्या रजा शिल्लक ३. शिवाय २२ तारखेला परवानगीने ३ तास लवकर गेला.

९ ते १४ म्हणजे कॅलेंडरचे ६ दिवस. १३ ला सोमवार, त्याची सुट्टी. रोस्टरवरच्या पाळ्या ५. त्यातल्या ३ हक्काच्या रजेत, २ बिनपगारी. बिनपगारी तास १६, आणि लवकर गेल्याचे ३, एकूण १९. १९ गुणिले ८७.५० म्हणजे १,६६२.५० रुपये कपात. कमावलेला पगार १७,२३७.५०.

हाच हिशेब २६ ने भागून, मधला सोमवार रजेत धरून आणि लवकर जाण्याला अर्धा दिवस लावून केला, तर कपात २,५४४.२३ रुपये होते. फरक ८८१.७३ रुपयांचा. १८,९०० मध्ये घर चालवणाऱ्याला हा फरक म्हणजे गॅस सिलिंडर किंवा मुलाच्या क्लासची फी.

पुढच्या वजावटी कमावलेल्या पगारावर. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १४,१७५ असेल, तर २१६ पैकी १९७ तासांच्या प्रमाणात तो १२,९२८.१३ होतो. त्यावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी, १,५५१ रुपये. विमा योजनेचे ०.७५ टक्के मात्र पूर्ण कमावलेल्या १७,२३७.५० वर, ते १२९.२८ येतात आणि पुढच्या रुपयात १३० करायचे. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. कामगार स्त्री असेल तर २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. हाती १५,३५६.५०. निधीच्या मासिक फाइलमध्ये विनायोगदान दिवसांच्या, म्हणजे पगार नसल्याने निधी न भरलेल्या दिवसांच्या, रकान्यात २ टाका. हा रकाना नवीन माणूस हमखास विसरतो.

रात्रपाळीचा भत्ता यात नाही. तो आलेल्या रात्रींवरच मिळतो, म्हणून त्याची वेगळी ओळ. न आलेल्या रात्रीचा भत्ता "कापला" असं लिहू नका, तो लागूच झालेला नसतो.

चिठ्ठी आणि दुरुस्ती

पगाराच्या तीन दिवस आधी खाड्यांची यादी, तारीख आणि पाळीसह, शॉपच्या बोर्डावर लावा. हे केल्यापासून माझ्या खिडकीवरची गर्दी निम्म्याहून कमी झाली, कारण चुका पगाराआधीच पकडल्या जातात. चिठ्ठीवर फक्त "कपात १,६६२.५०" असं नको. लावलेल्या पाळ्या, आलेल्या पाळ्या, भरपगारी रजा, बिनपगारी तास, ताशी दर आणि उरलेल्या रजा, एवढं छापा. कामगाराने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तोच आकडा काढून बघितला पाहिजे.

चूक सापडली तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. त्या काकांचा खाडा मी व्हाउचर करून त्याच आठवड्यात परत दिला. रक्कम घेताना त्यांनी डायरी काढली, त्या दोन अर्ध्या दिवसांपुढे तारीख टाकली, आणि मला सही करायला लावली.